गुणावे की भागावे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतील गोष्ट आहे. आमच्या पेठेतील एक किराणा व्यापारी, जे आमचे जुने पक्षकार व या पत्राचे त्याहूनही जुने वर्गणीदार आहेत, ते आपल्या नातवास घेऊन एके सकाळी आमच्याकडे आले. दाव्याचे काही काम असेल असे समजून आम्ही दप्तर पुढे ओढले. परंतु त्यांची फिर्याद निराळीच होती. नातू सहावीची परीक्षा उतरलेला, गणितात १०० पैकी ९४ गुण. सुटीत तो दुकानावर बसू लागला तेव्हा आजोबांनी सहज विचारले, की १० किलो साखरेच्या पाऊण पाऊण किलोच्या पुड्या बांधल्या तर पुड्या किती होतील? मुलाने कागद घेतला, १० आणि ०.७५ यांचा गुणाकार केला, व साडेसात असे उत्तर दिले. गुणाकारात चूक नव्हती. आजोबा म्हणाले, "अरे, पुडी किलोहून लहान, नि दहा किलोच्या पुड्या साडेसातच?" मुलगा उत्तरला, "पुड्या जास्त व्हायच्या ना, म्हणून तर गुणाकार केला. भागाकारानं संख्या कमी होते." आजोबांनी कागदास हात न लावता तेरा पुड्या आणि पाव किलो शिल्लक हे सांगितले होतेच. "आता वकीलसाहेब," ते आम्हांस म्हणाले, "ह्या चौऱ्याण्णव मार्कांचं मी करू काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आम्हांस वाटला नाही. मुलगा मंद नाही, आळशी नाही, पाढ्यांत कच्चा नाही. त्याने जो विचार केला तो देखील, नीट पाहिले असता, विचारच आहे. पुड्यांची संख्या दहापेक्षा अधिक आली पाहिजे हे त्याने बरोबर ओळखले. पण 'गुणाकाराने वाढते व भागाकाराने घटते' हा जो नियम त्याने तिसरी-चौथीपासून उराशी बाळगला होता, त्याने त्यास दगा दिला. पूर्ण संख्यांच्या राज्यात हा नियम बहुतेक चालतो; अपूर्णांकांची वेस ओलांडली की तो खोटा पडतो. फिशबाइन या गणितशिक्षणाच्या अभ्यासकाने १९८५ साली इटलीतील मुलांची परीक्षा घेऊन हीच गोष्ट दाखविली होती. मुले आकड्यांत चुकत नाहीत, कोणती क्रिया करावयाची हे निवडताना चुकतात. आणि त्या निवडीमागे लहानपणी मनात बसलेली एखादी अर्धी खरी समजूत असते.

आमच्या धंद्यातील भाषेत बोलावयाचे तर दिवाणी दाव्यात आधी मुद्दे काढले जातात आणि मग पुरावा घेतला जातो. वाद कशाचा हे ठरण्यापूर्वीच जो वकील साक्षीदार तपासू लागेल, त्याची उलटतपासणी कितीही झणझणीत असो, अशील बुडालाच म्हणून समजावे. आमच्या शाळा मुलांस उलटतपासणी उत्तम शिकवितात. मुद्दे काढण्यास शिकवीत नाहीत. गुणाकाराची मांडणी, हातचे, भाज्य, भाजक, बाकी ही सर्व तपासणी झाली. गुणावे की भागावे हा मुद्दा मात्र विद्यार्थ्याने अंदाजाने काढावा अशी व्यवस्था आहे.

'अंदाजाने' असे म्हणण्यात थोडा अन्याय होतो, कारण अंदाजासाठी एक किल्ली मुलांस दिलेली असते. एका प्राथमिक शाळेच्या बक्षीससमारंभास आम्हांस जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा चौथीच्या वर्गाच्या भिंतीवर एक सुबक तक्ता आम्ही पाहिला. 'एकूण' आले की बेरीज अथवा गुणाकार, 'उरले' आले की वजाबाकी, 'प्रत्येकी' आले की भागाकार. तक्ता करणाऱ्या बाईंची कळकळ त्याच्या अक्षरा-अक्षरांत दिसत होती, आणि त्यांस दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. असे तक्ते शेकडो शाळांत असतील. समारंभास अवकाश होता म्हणून आम्ही मुलांस तीन उदाहरणे घातली. पहिले: ५ मुलांना प्रत्येकी ४ पेढे दिले, एकूण पेढे किती? दुसरे: २० पेढे ५ मुलांना सारखे वाटले, प्रत्येकी किती आले? तिसरे: २० पेढे आहेत, प्रत्येकी ४ द्यावयाचे, तर किती मुलांना पुरतील? तिन्हींत 'प्रत्येकी' आहे. पहिल्यात गुणाकार आहे, दुसऱ्यात व तिसऱ्यात भागाकार आहे, आणि ते दोन भागाकारही एका जातीचे नाहीत. पहिल्या उदाहरणात 'एकूण' व 'प्रत्येकी' हे दोन्ही शब्द पाहून वर्गाची जी त्रेधा उडाली ती पाहून आम्हांसच वाईट वाटले. कित्येकांनी ५ ला ४ ने भागून एक पेढा व बाकी एक पेढा असा निकाल दिला! शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, पाच पोरं उभी करून वाटून बघू का?" त्या दिवशीचे बक्षीस आमच्या हाती असते तर आम्ही ते तिलाच दिले असते.

तिने सुचविले तेच या विषयाचे मर्म आहे. भागाकाराचे चिन्ह एक असले तरी त्यामागील व्यवहार दोन आहेत. एक वाटणीचा: वाटेकरी किती ते ठाऊक आहे, वाटा काढावयाचा आहे. भागीदारीच्या पेढीचा नफा वाटताना आमचे व्यापारी हेच करितात. दुसरा मापून काढण्याचा: माप ठाऊक आहे, माप किती वेळा जाते ते काढावयाचे आहे. पुड्या बांधणे, ताग्यातून सदऱ्याचे कापड फाडणे, पिंपातून डबे भरणे हा सारा दुसऱ्या जातीचा भागाकार. हातांनी करून पाहिल्यास दोहोंतील भेद लहान मुलासही उमजतो. चिंचोके घेऊन पाच ढिगांत एकेक टाकीत जाणे ही एक हालचाल, आणि चार चार चिंचोके उचलून बाजूस ठेवीत जाणे ही दुसरी हालचाल. दोन्ही हालचाली पुरेशा झाल्यावर मग 'या दोहोंसाठी आपण एकच खूण लिहितो' असे सांगितले, तर ती खूण मुलास मदतनीस वाटेल. आरंभीच खूण दिली व हालचाल कधीच दिली नाही, तर ती जन्मभर कोडे राहते. साखरेच्या उदाहरणात आमचा सहावीचा विद्यार्थी अडला याचे कारण हेच, की भागाकार म्हणजे वाटणी एवढेच तो जाणत होता, आणि ०.७५ इतक्या मुलांत साखर वाटता येत नाही! 'दहा किलोत पाऊण किलोचे माप किती वेळा जाते' असे कोणी त्यास विचारले असते तर तो तराजूच मागता.

गुणाकाराची कथा याहून फारशी वेगळी नाही. वारंवार केलेली बेरीज म्हणजे गुणाकार ही व्याख्या आरंभास ठीक आहे; परंतु ८ फूट लांब व ६ फूट रुंद ओट्यास चौरस फुटाच्या फरश्या किती लागतील, यात ओळी आणि रांगा आहेत, तर 'पट' या शब्दात तुलना आहे. आणि 'पट' हा शब्द फसवितोही. 'गणूकडे १२ गोट्या आहेत, त्या बाळूच्या गोट्यांच्या तिप्पट आहेत, बाळूकडे किती?' तिप्पट शब्द दिसताच मूल ३६ म्हणून मोकळे होते. बाळूपाशी ४ च गोट्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, की इतका सूक्ष्म भेद लहान मुलांच्या डोक्यात शिरावयाचा नाही. आधी क्रिया पक्क्या होऊ द्या, शाब्दिक उदाहरणे मागाहून पाहू. आमच्या पाठ्यक्रमाची व शिकवण्यांची रचना याच समजुतीवर आहे, आणि ती समजूत नेमकी उलटी आहे. अमेरिकेत कार्पेंटर प्रभृती अभ्यासकांनी बालवर्गातील ७० मुलांस नऊ शाब्दिक उदाहरणे घातली. त्यांत गुणाकाराची, दोन्ही जातींच्या भागाकाराची व बाकी उरणारीही उदाहरणे होती. हाताशी मणी-ठोकळे ठेवले होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तान्तानुसार ३२ मुलांनी नऊही उदाहरणांत योग्य रीत वापरली. त्यांनी पाढा म्हटला नाही. गोष्ट ऐकली आणि गोष्टीत जे घडले ते मण्यांनी करून दाखविले. म्हणजे शाळेत येणारे मूल मुद्दा काढण्याची शक्ती घेऊनच येते. ती पुढे जाते कोठे, हा खरा प्रश्न.

कोठे जाते याचाही मासला उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील शिक्षकांनी १९८० च्या सुमारास लहान वर्गांतील मुलांस विचारले, की जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत तर कप्तानाचे वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांशी काही तरी खटपट करून वय सांगितले. आमच्या वाचकांनी आज सायंकाळी घरच्या मुलांस हा प्रश्न घालून पाहावा. मात्र हसू नये. शाळेत दिलेल्या उदाहरणास उत्तर असतेच, दिलेले सर्व आकडे वापरावयाचे असतात, व नुकताच जो धडा झाला त्याचीच क्रिया करावयाची असते, हे तीन अलिखित कायदे ते मूल पाळीत असते.

बाकीचा प्रकार तर आणखी बोधक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय परीक्षेत तेरा वर्षांच्या मुलांस पुढील प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिक न्यावयाचे आहेत, बसगाड्या किती लागतील? भागाकार ३१, बाकी १२. बहुसंख्य मुलांनी भागाकार बरोबर केला. तथापि शेकडा २९ मुलांनी '३१, बाकी १२' हेच उत्तर लिहिले, शेकडा १८ मुलांनी बारा सैनिकांस रस्त्यावर सोडून ३१ म्हटले, आणि ३२ बसगाड्या मागविणारे निघाले शेकडा अवघे २३. वस्तुतः बाकीचे काय करावे हे आकडे सांगत नाहीत, प्रसंग सांगतो. ५० ला ८ ने भागले तर ६ येऊन २ उरतात एवढे खरे. परंतु आठ माणसांच्या होडीने ५० यात्रेकरू पलीकडे न्यावयाचे तर खेपा ७ लागतील. ५० रुपयांत ८ रुपयांच्या वह्या घ्यावयाच्या तर ६ च मिळतील. ५० रुपये आठ भावंडांत वाटले तर प्रत्येकास सव्वासहा येतील. आणि आठ-आठच्या रांगा केल्यावर शेवटच्या रांगेत मुले किती, या प्रश्नाचे उत्तर २ आहे. एकच भागाकार, चार उत्तरे! ही चार उदाहरणे एका तासात शेजारी शेजारी ठेवून त्यांवर वर्गात वाद होऊ दिला, तर चाळीस कोरड्या भागाकारांनी होणार नाही इतके शिक्षण होईल.

आता आमच्या व्यापारी मित्राच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्यांच्या मनात असे होते, की शाळेपेक्षा दुकानच बरे. या मतास बाजारपेठेत बराच पाठिंबा आहे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यास अर्धा आधारही आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी करून २०२५ च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. ही मुले भाजीपाल्याचे आडमाप वजन, दर आणि परत द्यावयाचे पैसे यांचा हिशेब तोंडी व चटकन करितात. जवळच्या शाळांतील ज्या ४७१ मुलांस विक्रीचा अनुभव नव्हता, त्यांपैकी शेकडा एकासच बाजारी हिशेबाचे एक उदाहरण सुटले. तेच विक्री करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांनी सोडविले. येथवर आमचे मित्र खूष होतील. परंतु त्याच पाहणीची दुसरी बाजू अशी, की बाजारातील त्या हुशार मुलांपुढे तितकेच किंवा त्याहून सोपे गणित शाळेच्या पद्धतीने नुसत्या आकड्यांत मांडले की ती हतबल होतात. शाळेतले बाजारात जात नाही आणि बाजारातले शाळेत येत नाही. मध्ये पूल नाही. जो वर्ग दुकानास नावे ठेवितो व जो शाळेस नावे ठेवितो, ते दोघेही त्या ओढ्याच्या आपापल्या काठावर बसून आहेत.

आणि कागदावरचे गणित ज्यास येत नाही त्याचे काय होते ते आम्ही कचेरीत बसून पाहतो. रोजच्या वसुलीचे कर्ज हा प्रकार बाजारात बसणाऱ्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हातात ९,००० रुपये मिळतात व १०० दिवस रोज १०० रुपये भरावयाचे असतात. तोंडी हिशेबात वाघ असलेला भाजीवाला म्हणतो, नऊ हजारांवर हजार गेले, म्हणजे शेकडा अकरा. जगात याहून स्वस्त काय? पण मुद्दल रोज फिटत जाते. सरासरीने पाहता त्याच्या हाती साडेचार हजारांच्या आसपासच रक्कम राहते, तीही सव्वातीन महिने. त्यावर हजार रुपये व्याज म्हणजे वर्षाचा दर शेकडा पाऊणशेहून अधिक पडतो. हा हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही. फक्त कशास कशाने भागावयाचे हे समजले पाहिजे. असे कागद घेऊन माणसे आमच्याकडे येतात ती सही झाल्यानंतर. आणि सही झाल्यावर वकील किती उपयोगी पडतो हे वाचक जाणतातच.

आमच्या देशास हा विषय परका आहे असेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली, तीत नियमाच्या पाठोपाठ भुंगे, कमळे, मोर व साप यांची उदाहरणे आहेत आणि व्याजाची व सोन्याच्या कसाचीही आहेत. चाळीसगावाजवळील पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचा घोष चालत असे तो हौसेखातर नव्हे. आणे-पै आणि शेर-मण यांच्या बाजारात त्यावाचून एक दिवस निघत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो व मीटर आले, आणि ती कोष्टके उजळणीतून गळाली. गळाली ते योग्यच झाले. परंतु त्यांबरोबर पाव, पाऊण, सव्वा हे मुलांच्या तोंडचे जिवंत अपूर्णांकही गेले, आणि त्यांच्या जागी ०.७५ हे एक निर्जीव चिन्ह आले. आजोबांस 'तेरा पाऊण म्हणजे पावणेदहा' हे दिसत होते. नातवास दशांशचिन्ह दिसत होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. न्यू इंग्लिश स्कुलात शिकवीत असता त्यांनी अंकगणिताचे पुस्तक तयार केले, आणि त्याच गृहस्थाने १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल कायदेमंडळात आणले. ते बिल परक्या सरकारने पडू दिले. स्वराज्यात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, मुले पटावर आली. मात्र 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी शेकडा ३०.७ मुलांसच तीन अंकी संख्येस एका अंकाने भागता आले. हा साधा, मांडून दिलेला भागाकार! मुद्दा स्वतः काढावयाचा असता तर आकडा काय आला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पाढे सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. ज्यास सात आठे छप्पन्न म्हणताना घाम फुटतो त्याचे सारे लक्ष तेथेच खर्च होते आणि प्रसंगाकडे पाहण्यास काही उरत नाही. पाढे पाठ असावेत, ते तिसरी-चौथीतच व्हावेत. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. उदाहरण वाचल्यावर पेन्सिल उचलण्यापूर्वी मुलाने दोन गोष्टी तोंडाने सांगाव्या: येथे काय घडते आहे, आणि उत्तर साधारण केवढे यावे. भिंतीवरचा किल्लीशब्दांचा तक्ता उतरवावा. २४ ÷ ६ एवढेच फळ्यावर लिहून त्यावर दोन निरनिराळ्या गोष्टी रचण्यास सांगावे, एक वाटणीची व एक मापाची. प्रश्नपत्रिकेत एखादे उदाहरण असे असावे की ज्यात एक आकडा जादा आहे, व एखादे असे की ज्याचे उत्तर 'माहिती अपुरी आहे' हेच आहे. कोणती क्रिया व का, यास स्वतंत्र गुण ठेवावे. परीक्षेत हे आले की शिकवणीवाले ते आपोआप शिकवू लागतील. त्यांच्याइतकी चपळ जात नाही.

यास पैसा लागत नाही, शिक्षकाचा वेळ मात्र लागतो. आणि शिक्षकाचा वेळ ही आमच्या राज्यकारभारास सर्वांत स्वस्त वाटणारी वस्तू आहे. उपरोक्त कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास शाळाबाह्य कामास जुंपण्यास मनाई केली आहे. या अपवादांच्या दारातून काय काय आत शिरते हे कोणाही गुरुजींस विचारावे. दोन इयत्ता एका खोलीत घेऊन बसलेल्या शिक्षकास तोंडी चर्चेला वेळ कोठून मिळणार? तो तक्ताच लावणार.

आमच्या व्यापारी मित्रास आम्ही इतकेच सांगितले, की पोराला दुकानात अवश्य बसवा, पण कागद-पेन्सिल देऊन बसवा; आणि तुमचे उत्तर लगेच सांगून टाकू नका. परवा ते रस्त्यात भेटले. पुड्यांचा हिशेब मुलाने स्वतः तराजू घेऊन पुरा केला, मग भागाकार मांडला, आणि तेरा येऊन पाव किलो उरल्यावर स्वतःच विचारू लागला, "आबा, पुडी सव्वा किलोची केली तर?" आबांनी उत्तर सांगितले नाही. दहापेक्षा जास्त की कमी, एवढेच त्यांनी उलट विचारले.